पाचवी कमान

सकाळी सुनेने संत्र्यांची जाळी टेबलावर ठेवली आणि ती आंघोळीला गेली. मी पेपर वाचत होतो. वास आला आणि पुढची ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरेना. एरवी मी बऱ्यापैकी माणसांत असतो, असं घरातले म्हणतात. जानेवारीत संत्री आली की माझं बिनसतं. कुणी फोड पुढे केली तर नको म्हणतो आणि पुन्हा आग्रह झाला तर चिडतो. सुनेचा समज असा की बाबांना आंबट सोसत नाही. तो मी इतकी वर्षं तसाच राहू दिला, कारण खरं सांगायचं तर एका कमानीपासून सुरुवात करावी लागली असती. ती कमान मी न मोजता काढली होती.

आमच्या गिरगावातल्या चाळीतून निघून धोबीतलाव ओलांडला की थोड्या वेळाने ते मार्केट लागायचं. गेल्याच्या गेल्या शतकातलं, कुर्ल्याच्या पिवळट दगडात बांधलेलं, कमानींना वसईचा लालसर दगड, कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा. बाहेर उन्हाची तिरीप आणि ट्रामचा खडखडाट. दारातून आत पाऊल टाकलं की गारवा पायांना आधी कळायचा. खाली विलायतेहून आणलेल्या फरश्या, त्यांना इतका बेताचा उतार की चालताना जाणवू नये, पण बादलीभर पाणी ओतलं तर ते न विचारता गटाराकडे जावं. वर लोखंडी सांगाड्याच्या कैच्यांवर तोललेलं उंच छप्पर आणि त्याच्या माथ्यावर काचा. ज्याने हे बांधलं त्याला फळ, भाजी, घाम आणि गर्दी यांची चांगली ओळख असावी. गरम हवा वर जाऊन फटींतून निघून जायची, ऊन मात्र खाली येताना गाळून यायचं. जानेवारीत ते संत्र्यांच्या राशींवर तिरपं पडायचं आणि राशी आतून पेटल्यासारख्या दिसायच्या. ओल्या गवताचा, सालींचा, भिजलेल्या दगडाचा असा तो वास होता. आता नुसत्या संत्र्यालाही तो मला लागतो, त्याला माझा इलाज नाही.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे होते. कॉलेज मार्केटपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सरांनी मार्केटचेच तुकडे करून वाटून दिले. फळांच्या दालनाचा दर्शनी भाग माझ्या आणि हरेश्वरच्या वाट्याला आला. मधोमध दार, दाराच्या डावीकडे पाच कमानी, उजवीकडे पाच.

हरेश्वर वरळीच्या कोळीवाड्यातला. वडील होडीवर, आई मार्केटमागच्या गल्लीत मासळीची पाटी घेऊन बसायची. कोळीवाड्यातून कॉलेजात आलेला तेव्हा तो एकटाच होता. अंगाने काटक, बोलायला कमी आणि कामाला वाघ. मी कारकुनाचा मुलगा. माझी रेघ सुंदर, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव पक्का आळशी. आमची जोडी लावणाऱ्या सरांना हे सगळं माहीत असावं.

फीत माझी होती. चामड्याच्या गोल डबीतली, पितळी तारा विणलेली कापडी फीत, टोकाला पितळेची कडी. एकाने कडी दगडाला टेकवून धरायची, दुसऱ्याने फीत ताणत जाऊन आकडा वाचायचा. वाचणारा विचारणार, धरलंय? धरणारा सांगणार, धरलंय. ते कानांवर पडल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही, असा सरांचा नियम. धरणाऱ्याचं लक्ष जरा उडालं की कडी बोटभर सरकते आणि ते बोटभर मग साऱ्या नकाशात शिरतं. हरेश्वर तो नियम सोवळ्यासारखा पाळायचा. दिवसभर मार्केटच्या गलक्यात आमचं धरलंय-धरलंय चालायचं. पाटीवाले आमची नक्कल करायला लागले. डोक्यावर पाटी चढवताना एकाने दुसऱ्याला विचारायचं, धरलंय का, आणि दोघांनी आमच्याकडे बघून हसायचं.

उजवीकडच्या पाचव्या कमानीखाली सरूबाईचा संत्र्यांचा गाळा होता. जुन्नरकडची बाई, नवऱ्यामागे एकटीने गाळा चालवणारी, तोंडाने फटकळ. आमचा पाय तिच्या गवताला लागला की आमच्या खानदानाची चौकशी व्हायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, मार्केट पाडणार आहेत का? हरेश्वर म्हणाला, नाही, आम्ही नुसतं कागदावर काढणार. काढून काय करणार, हा तिचा पुढचा प्रश्न. मी हसलो. हरेश्वर मात्र विचारात पडला आणि म्हणाला, उद्या पडलंच तर हुबेहूब तसंच पुन्हा बांधता येईल. सरूबाईने राशीतली दोन संत्री काढली आणि आमच्या हातांवर ठेवली. त्यानंतर आम्ही आलो की ती स्वतःहून टोपल्या सरकवून दगड मोकळा करून द्यायची.

डावीकडच्या पाचही कमानी आम्ही नीट मोजल्या. प्रत्येक रुंदीला अकरा फूट चार इंच, फरक पडलाच तर नखाएवढा. तिसऱ्या कमानीच्या पायाशी एक दगड फुटका होता. त्याचा टवका कसा उडालाय, तेही मी वहीत काढून घेतलं. आणि मग वही मिटली. उजवी बाजू तशीच असणार, कागद उलटा धरून गिरवली की झालं, असं माझं म्हणणं. सगळी मुलं तसंच करत. हरेश्वरला ते पटेना. होडीच्या दोन्ही बाजूसुद्धा लांबून सारख्याच दिसतात, पण बांधणारा दोन्हींकडे हात फिरवून बघतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ही होडी नाही, दगडी इमारत आहे, साहेबाने बांधलेली. साहेबाने कुठे, दगड तर आपल्याच माणसांनी रचले ना, असं म्हणून तो गप्प बसला. तो गप्प बसला की वाद संपलेला नसायचा.

त्या दिवसांत मुंबईत दुसरा विषय नव्हता. लालबाग-परळच्या चाळींपासून आमच्या गिरगावापर्यंत प्रत्येक जिन्यावर मुंबई कुणाची यावर सभा भरायची. मी त्यात आघाडीवर. रात्रभर जागून पत्रकं लिहायचो, माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि गॅलरीत उभा राहून घसा फुटेस्तोवर मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून ओरडायचो. गॅलरीतून. खाली उतरून पुढे जायचा प्रसंग आला की मला अभ्यास आठवायचा. हरेश्वर या सगळ्याकडे जरा गमतीने बघायचा. त्याचं घर या बेटावर इतक्या पिढ्यांपासून होतं की मुंबई कुणाची हा प्रश्नच त्याला चमत्कारिक वाटत असावा. एकदा मी फार तावातावाने बोललो, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आमाला कोन इचारतंय रे?"

संक्रांत झाली आणि एक-दोन दिवसांत रेडिओवरून सांगितलं गेलं की मुंबई वेगळी ठेवणार. चाळीत एक माणूस धड जेवला नाही. दुसऱ्या सकाळी रस्त्यावर दगड, काचा, जळके टायर. अशा सकाळी हरेश्वर वरळीहून चालत आमच्या दारात उभा राहिला. सकाळचा बाजार अजून उघडा होता, त्याची आई पहाटेच मासळी घेऊन गेली होती, तेव्हा उजवी बाजू मोजून घेऊ आणि येताना आईलाही सोबत आणू, असा त्याचा बेत. मी ड्रॉइंग बोर्डावर वाकून डाव्या कमानींना शाई चढवत होतो. म्हटलं, वेडा आहेस का, आज कोण मोजतं, आणि दोन्ही बाजू सारख्याच आहेत. तो उंबऱ्यातच उभा. मी मान वर न करता फीत त्याच्याकडे सरकवली आणि एखाद्या पाटीवाल्याला धरायला सांग म्हणालो.

"फितीला दोन टोकं असतात रे मध्या," तो म्हणाला.

माझ्या आईने त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तो खाली वाकून तिच्या पाया पडला आणि जिना उतरून गेला. मी मान वर केली नाही. शाईची रेघ मध्येच थांबवली की जाड होते, हे त्यावेळी मला फार महत्त्वाचं वाटलं.

संध्याकाळी कळलं. मार्केटच्या कोपऱ्यावर हरेश्वरला पोलिसांची गोळी लागली, उचलून नेईपर्यंत राहिला नाही. मी गॅलरीत उभा होतो, त्याच गॅलरीत. खालून कुणीतरी नाव सांगितलं आणि मला वाटलं वरळीत हरेश्वर नावाची पुष्कळ माणसं असतील. संचारबंदीमुळे त्याच्या मातीला मला जाता आलं नाही. खरं तर तेव्हाही मी खाली उतरलोच नाही. संचारबंदी हे सांगायला सोयीचं कारण आहे आणि ते मी पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

संचारबंदी उठल्यावर कोळीवाड्यात गेलो. दारात माणसं जमली होती, हार होते, कुणी हुतात्मा अमर रहे म्हणून घोषणा देत होतं. त्याची आई ओट्यावर बसली होती. ज्यांनी पोर गमावलं त्यांना निदान हा शब्द मिळतो, तेवढा आधार, असं मी मनाशी म्हणत होतो. पण घोषणा थांबल्या तशी ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "तो मोर्चात नाय गेलता. मापां घ्याला गेलता." ऐकणाऱ्यांतल्या एकाने तिला समजावलं की असं बोलू नये. ती पुन्हा तेच म्हणाली. मी मागच्या मागे निघून आलो. फीत ज्याची होती तो मी, हे सांगायला मला तोंड उघडता आलं नाही.

मार्केट उघडलं तेव्हा सरूबाईने मला लांबूनच हाक मारली. तिने गवताखालून हरेश्वरची वही आणि फितीची डबी काढून माझ्या हातात दिली आणि काय घडलं ते सांगितलं. चार कमानी हरेश्वरने तिला कडी धरायला लावून मोजल्या होत्या. धरलंय म्हणायचं, हेही तिला शिकवलं होतं. पाचव्या कमानीला फीत ताणणार एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, गाळ्यांच्या फळ्या धडाधड पडायला लागल्या. त्याला मागच्या गल्लीतली आई आठवली. मावशी, धरून ठेवा, आईला बघून आलोच, असं सांगून तो गेला. आई तर तासाभरापूर्वीच बायकांबरोबर घरी निघाली होती. त्याला ते ठाऊक नव्हतं.

सरूबाई कडी धरून उभी राहिली. भाच्याने हाताला धरून ओढलं तरी हलली नाही. मग केव्हातरी तो परत येत नाही हे तिला कळून चुकलं असावं. तिने कडी तिथेच टोपलीच्या काठाखाली दाबून ठेवली, स्वतः फीत ओढत पलीकडच्या खांबापर्यंत नेली आणि जिथे फीत दगडाला लागली तिथे पोत्याच्या सुतळीची गाठ मारली. तिला आकडे वाचता येत नव्हते. "म्हनलं, लेकराचं काम आडायला नको," ती म्हणाली.

घरी येऊन मी वही उघडली. उजवीकडच्या चार कमानी, चारही अकरा फूट चार इंच, हरेश्वरच्या बारक्या अक्षरात. मग फीत उलगडली. गाठ दहा फूट सात इंचांवर होती. नऊ इंचांचा फरक. मी ठरवून टाकलं की बाईने फीत ढिली धरली असणार. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मला त्या दिवशीही माहीत होती आणि ती पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असते. ढिली फीत माप वाढवून दाखवते, कमी करून नाही. गाठ चुकीची असती तर ती अकरा-चारच्या पुढे पडायला हवी होती. पण परीक्षा तोंडावर होती, डाव्या बाजूला शाई चढली होती, आणि ती कमान पुन्हा मोजायची तर त्याच जागी जाऊन उभं राहावं लागलं असतं. मी कागद उलटा धरला आणि गिरवला.

नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळी असतात, मोजणी आणि रेखाटन. दोन्हींपुढे मी माझं नाव लिहिलं. परीक्षकांनी सुबकतेचं कौतुक केलं, गुण भरपूर दिले, आणि तो नकाशा वर्षभर कॉलेजच्या भिंतीवर टांगला. मी दुसऱ्या जिन्याने यायला-जायला लागलो.

निकालानंतर एकदा सरूबाईने गाठलंच. मार्केटच्या आत नाही, आत मी जातच नव्हतो. रस्त्यावर. तिने एकच विचारलं, गाठ बरोबर होती का? मी म्हटलं, हो, अगदी बरोबर होती. तिचा चेहरा उजळला. मी खोटं बोललो असं मला वाटत होतं, आणि तरीही त्या महिन्यांत माझ्याकडून झालेली ती एकच चांगली गोष्ट आहे, असंही वाटत होतं.

पुढे मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला. गिरगावात दिवे लागले, पेढे वाटले. मीही खाल्ले. मग चाळीस वर्षं दादरच्या एका कचेरीत इमारती काढल्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेल्या इमारती, शिवडीपासून वरळीपर्यंत. कुणी तक्रार केली नाही. सरूबाई गेल्याचं कुणाकडून तरी कळलं, तेव्हाही जानेवारीच होता. हरेश्वरच्या आईला भेटायला मी पुन्हा कधी गेलो नाही.

यंदा हे सगळं वर आलं ते माझ्या नातीमुळे. सई आता त्याच कॉलेजात शिकते. माळ्यावरची नकाशांची नळकांडी उघडताना तिला तो नकाशा सापडला. तिने तो जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसून पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "आजोबा, उजवी बाजू तुम्ही मोजलीच नाही ना?" मी विचारलं, कशावरून. तिने बोट ठेवलं. डावीकडच्या तिसऱ्या कमानीच्या पायाशी फुटका दगड, टवक्यासकट. आणि उजवीकडच्या तिसऱ्या कमानीच्या पायाशीही तोच फुटका दगड, तोच टवका, फक्त उलटा. परीक्षकांना दिसला नव्हता. वर्षभर त्या भिंतीखालून गेलेल्या कुणालाच दिसला नव्हता. मला स्वतःला तो त्या दुपारी पहिल्यांदा दिसला.

मी तिला सगळं सांगितलं. बायकोला कधी सांगितलं नव्हतं ते नातीला सांगितलं. शेवटी तिने फीत कुठे आहे एवढंच विचारलं.

परवा आम्ही गेलो. हातात काठी, पिशवीत डबी. सईने लेझरचं यंत्र आणलं होतं, बटण दाबलं की आकडा. मी म्हटलं, ते राहू दे. मार्केटला आता रंगरंगोटी झाली आहे, छपराच्या काचा बदलल्या आहेत, फळांवर परदेशी स्टिकर आले आहेत. फरश्या त्याच. पाचव्या कमानीखाली एक पन्नाशीचा माणूस संत्री रचत होता. आमची फीत बघून त्याने विचारलं, "काय साहेब, पाडनार काय मार्केट?" सरूबाईचा कुणी लागतो का, हे विचारायचा धीर झाला नाही. नाही म्हणाला असता तर वाईट वाटलं असतं आणि हो म्हणाला असता तर त्याहून. सईने त्याला सांगितलं, नुसतं मोजतोय. त्याने टोपल्या सरकवून दगड मोकळा करून दिला.

मी खाली बसलो, म्हणजे बसवला गेलो, आणि पितळी कडी खांबाच्या कडेला टेकवून अंगठ्याने दाबली. दगड गार होता. सई फीत ताणत पलीकडे गेली. सुतळी काळी आणि कडक झाली आहे, पण गाठ सुटलेली नाही. तिकडून तिने मी सांगितलं होतं तसं विचारलं, धरलंय? मी कडी आणखी घट्ट दाबली. तीही नियमाची पक्की, तशीच थांबली. मार्केटचा सगळा गलका मधून वाहत होता. दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही, नुसती वाट बघत राहिली.

"धरलंय," मी म्हटलं.

"आजोबा, गाठ दगडालाच लागतेय. जरासुद्धा इकडेतिकडे नाही."

ती कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आली. पाचव्या कमानीपलीकडचा खांब बाकीच्यांपेक्षा जाड आहे, कारण त्याच्या डोक्यावर मनोऱ्याचा भार येतो. खांब जाड ठेवायचा तर कमान तेवढी आत घ्यावी लागते. बांधणाऱ्याने ती इतक्या सफाईने आत घेतली आहे की उभं राहून बघितलं तर दिसत नाही, हात लावून मोजावी लागते. हरेश्वरला ते दिसलं असतं. तो संध्याकाळी चाळीत येऊन मला वही दाखवणार होता आणि एक अक्षरही न बोलता नुसता हसणार होता. मी तिथे फरशीवर बसून रडलो. संत्रीवाल्याने स्टूल आणून दिलं.

सई म्हणाली, झालं, सोडा आता. अंगठा मात्र लवकर उठला नाही.

घरी येऊन तिने नवा कागद लावला. उजवी बाजू तीच काढणार आहे, पाचवी कमान दहा फूट सात इंचांची. काल कोपऱ्यातल्या दोन ओळी भरायला बसली. मोजणीपुढे डाव्या बाजूसाठी मी आणि हरेश्वर, उजव्या बाजूसाठी हरेश्वर आणि सरूबाई, असं तिने मी सांगितल्याप्रमाणे लिहिलं. मग रेखाटनापुढे पेन टेकवून तिने विचारलं, आजोबा, इथे तुमचं नाव घालू ना?

मी म्हटलं, घाल, डाव्या बाजूपुरतं.